ऑपरेशन आयव्हीची सगळी गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्का पंक, म्हणजे जमैकाच्या स्काचा ठोका आणि पंकचा वेग यांची भेळ, ऐकायला लागलेला माणूस कधी ना कधी ऑपरेशन आयव्ही या कॅलिफोर्नियातल्या बँडपाशी येतोच, आणि आला की गोंधळतो. एकाच बँडचे दोन-तीन अल्बम दिसतात, गाणी तीच, नावं वेगळी, कुठे १९ गाणी कुठे २७, आणि वर कोणीतरी सांगतं की अरे अजून बरंच आहे, नेटवर शोध. मला हे प्रश्न सारखे येतात म्हणून सगळं एका जागी लिहून टाकतोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील: या बँडची २७ गाणी आहेत आणि ती पुरेशी आहेत, नीट ऐकलीत तर वर्षानुवर्षं पुरतात.

एकदाच सांगा, त्यांनी नक्की काय काय रेकॉर्ड केलं?

अधिकृत म्हणावं असं मोजकंच. १९८७ मध्ये टर्न इट अराउंड नावाच्या कंपाइलेशनवर, म्हणजे अनेक बँडच्या गाण्यांच्या संग्रहावर, दोन गाणी. १९८८ च्या जानेवारीत हेक्टिक नावाचा सात इंची ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, त्यावर सहा. १९८९ मध्ये एनर्जी हा एकमेव एलपी, म्हणजे पूर्ण लांबीचा अल्बम, त्यावर १९. बेरीज २७. याशिवाय एका कंपाइलेशनवर एक सुटं गाणं आहे, त्याबद्दल खाली सांगतो. बँड जेमतेम दोन वर्षं चालला, मे १९८७ ते मे १९८९, त्यामुळे यादी छोटीच असणार.

बँडमध्ये कोण कोण होतं आणि नाव कुठून आलं?

गायला जेसी मायकल्स, गिटारवर टिम आर्मस्ट्राँग, बेसवर मॅट फ्रीमन, ड्रम्सवर डेव्ह मेलो. जुन्या रेकॉर्डवर टिमचं नाव लिंट आणि मॅटचं मॅट मकॉल असं छापलंय, तेव्हा हे कोण दोन नवीन असं वाटून घेऊ नका, तेच ते. टिम आणि मॅट हे कॅलिफोर्नियातल्या ऑल्बनीचे, बर्कलीला लागून असलेलं गाव आहे ते, आणि दोघं अगदी लहानपणापासूनचे दोस्त. आधी बेसिक रेडिओ नावाचा बँड करून झाला होता त्यांचा.

नाव आलंय अमेरिकेच्या अणुचाचण्यांवरून. १९५२ मध्ये पॅसिफिक महासागरात एनेवेटाक बेटांवर ज्या चाचण्या झाल्या त्या मालिकेचं सरकारी नाव ऑपरेशन आयव्ही, आणि त्यातच १ नोव्हेंबरला पहिल्यांदा पूर्ण ताकदीचा हायड्रोजन बॉम्ब फोडला गेला. शीतयुद्धात वाढलेल्या पोरांनी असलं नाव घेणं यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही, त्या काळातल्या बऱ्याच पंक बँडच्या डोक्यात अणुबॉम्ब होताच.

स्का पंक म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन पाहिजेत ना? इथे कुठायत?

नाहीयेत, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. स्का मूळचा जमैकाचा, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात फुललेला, आणि तिथे ब्रास होतंच. मग १९७९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या टू टोन या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, त्यात पंकचा वेग आणला, द स्पेशल्स वगैरे बँड. पण स्काची ओळख ब्रासवर ठरत नाही, ती ठरते गिटारच्या ठोक्यावर. चार मात्रा अशा मोजा, एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि, तर गिटार वाजते त्या प्रत्येक 'आणि'वर, झटकन, तुटक. ऑपरेशन आयव्हीने एवढं उचललं आणि बाकी सगळी जागा बेसला देऊन टाकली.

मॅट फ्रीमनचा बेस ऐका हेडफोन लावून. तो मागे बसून गुणगुणत नाही, तो चालत राहतो, वर चढतो, खाली येतो, आणि जिथे दुसऱ्या बँडने ट्रम्पेटची ओळ टाकली असती तिथे बेसची ओळ येते. मग मधेच टिमची गिटार तुटक ठोका सोडून पूर्ण डिस्टॉर्शनवर, म्हणजे फाटक्या खरखरीत आवाजावर जाते, कोरस येतो, सगळे एकत्र ओरडतात, आणि पुन्हा परत ठोक्यावर. या दोन गतींमधली उडी म्हणजेच हा बँड. अपवाद एकच, एनर्जीवरचं बॅड टाउन, त्यात पॉल बे नावाच्या वादकाचा सॅक्सोफोन आहे, आणि सगळीकडे नसल्यामुळेच तो तिथे इतका ठसतो.

टर्न इट अराउंडवरची दोन गाणी कुठली?

ऑफिसर आणि आय गॉट नो. हे कंपाइलेशन मॅक्सिमम रॉकनरोल या पंक मासिकाने काढलेलं, दोन सात इंची रेकॉर्डचा सेट, आणि त्यात बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या जागेभोवती जमलेले बँड होते. दोन्ही गाणी घाईची आहेत आणि बँड नवाकोरा असल्याचं कळतं, पण ऐकाच.

आता गिलमनबद्दल चार शब्द, कारण ते समजल्याशिवाय ही गाणी अर्धीच कळतात. १९८६ च्या ३१ डिसेंबरला सुरू झालेली ही जागा. दारू नाही, ड्रग्ज नाही, मारामारी नाही, वर्णद्वेष नाही, बायकांना आणि समलैंगिकांना त्रास देणं नाही, आणि वयाची अट नाही, म्हणजे चौदा वर्षांचं पोरगंसुद्धा आत येऊन बँड ऐकू शकतं. चालवणारे सगळे स्वयंसेवक. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पंक शो म्हणजे बऱ्याच ठिकाणी धक्काबुक्की आणि नाझी स्किनहेड्सचा, म्हणजे डोकं भादरलेल्या वर्णद्वेषी टोळ्यांचा उपद्रव असं होऊन बसलं होतं, त्याला कंटाळलेल्या लोकांनी ही जागा उभी केली, मासिकाचे टिम योहानन त्यात पुढे होते. ऑपरेशन आयव्ही याच घरातला बँड. त्यांच्या गाण्यांत एकी, भांडू नका, डोकं उघडं ठेवा असं जे सारखं येतं ते त्या खोलीत समोर उभ्या असलेल्या पोरांना उद्देशून आहे.

हेक्टिकबद्दल सांगा.

लुकआउट रेकॉर्ड्सचं तिसरं प्रकाशन. लुकआउट म्हणजे लॅरी लिव्हरमोर आणि डेव्हिड हेज या दोघांनी सुरू केलेलं छोटं लेबल, आणि १९८८ च्या सुरुवातीला त्यांनी एकदम चार बँडचे ईपी काढले: करप्टेड मॉरल्स, ऑपरेशन आयव्ही, क्रिम्पश्राइन आणि आयसॉक्रसी. हेक्टिकवरची सहा गाणी अशी: जंकीज रनिन ड्राय, हिअर वी गो अगेन, होबोकन, येलिन इन माय इअर, स्लीप लाँग, हेल्दी बॉडी.

माझ्या मते इथे बँड सगळ्यात जास्त अंगावर येतो. एनर्जीपेक्षा आवाज पातळ आहे पण वेग आणि उत्साह असा की सहा गाणी कधी संपली कळत नाही. शरीर धडधाकट पण डोकं आजारी ही हेल्दी बॉडीची कल्पना, आणि ती ज्या उड्या मारणाऱ्या चालीवर बसवलीय ते ऐकलं की कळतं हे लोक गंभीर गोष्ट नाचत नाचत सांगणारे आहेत. ईपी आल्यावर त्याच वर्षी बँड एका जुन्या क्रायसलर न्यूपोर्ट गाडीत सामान कोंबून देशभर दौऱ्यावर गेला, व्हॅन-बिन काही नाही.

एनर्जी कसा रेकॉर्ड झाला?

आधी ठरलं होतं की गिलमनमध्येच करू. कल्पना छान, आपली जागा, आपला आवाज. पण जमलं नाही, जे हाती आलं ते बँडला पटलं नाही, आणि मग सगळं उचलून सॅन फ्रान्सिस्कोच्या साउंड अँड व्हिजन स्टुडिओत गेले आणि तिथे केविन आर्मी या निर्मात्याबरोबर जानेवारी १९८९ मध्ये पुन्हा केलं. आज आपण ऐकतो ते हे दुसरं रेकॉर्डिंग.

१९ गाणी, बहुतेक दोन मिनिटांच्या आतबाहेर, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या थोडं पुढे. पहिली बाजू तर एकामागून एक अशी आहे की सुई उचलायला सवड मिळत नाही: नॉलेज, साउंड सिस्टम, जेडेड, टेक वॉर्निंग, द क्राउड, बॉम्बशेल, युनिटी. पुढे व्हल्नरेबिलिटी, बँकशॉट, वन ऑफ दीज डेज, गॉना फाइंड यू, बॅड टाउन, स्मायलिंग, कॉशन, फ्रीझ अप, आर्टिफिशियल लाइफ, रूम विदाउट अ विंडो, बिग सिटी आणि शेवटी मिशनरी. फ्रीझ अपच्या शब्दांत १९८९ साल सरळ नाव घेऊन येतं, त्यामुळे तारीख विसरायची सोय नाही.

वेगाची मांडणी बघा. टेक वॉर्निंग आणि बॅड टाउन ही स्काच्या चालीवर रमणारी, नॉलेज निव्वळ पंक, आणि साउंड सिस्टममध्ये दोन्ही एकाच गाण्यात. सलग ऐकलं तर श्वास घ्यायला कुठे जागा ठेवलीय ते कळतं. म्हणून शफल बंद करा, कळकळीची विनंती आहे.

एनर्जी आणि ऑपरेशन आयव्ही हे दोन वेगळे अल्बम आहेत का?

नाही! इथेच सगळे फसतात. १९९१ मध्ये लुकआउटने सीडी काढली, तिचं नाव बँडचंच ठेवलं, आणि त्यात आधी एनर्जीची १९, मग हेक्टिकची ६, मग कंपाइलेशनची २ अशी सगळी २७ गाणी घातली. तुमच्यासमोर जे आहे ते कुठलं हे ओळखायचं असेल तर नावाकडे बघू नका, गाणी मोजा. १९ असली तर मूळ एलपी, २७ असली तर सीडीवालं. २७ वालं असेल तर वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या की या सीडीवर काळ उलटा चालतो. सगळ्यात नवीन रेकॉर्डिंग आधी आणि सगळ्यात जुनं शेवटी, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की अल्बम शेवटाकडे घसरलाय, आवाज बारीक झालाय, बँड थकलाय. तसं काही नाहीये, तुम्ही मागे मागे जाताय. एकदा तरी असं ऐका: आधी शेवटची दोन, मग २० ते २५, आणि मग पहिल्यापासून १९. दीड-दोन वर्षांत चार पोरं किती पुढे गेली ते कानाला सरळ दिसतं. बेस तर प्रत्येक टप्प्यावर मोकळा होत जातो.

आवाज इतका कच्चा का? स्वच्छ केलेली आवृत्ती नाही का?

कमी पैसे, कमी दिवस, आणि बँड रोज स्टेजवर वाजवतो तसंच पकडायची इच्छा. जेसीचा आवाज बसलेला, खरवडलेला वाटतो कारण तो तसाच गातो, कोरसमध्ये मागची माणसं थोडी पुढेमागे ओरडतात कारण ती खरंच एका खोलीत उभी राहून ओरडतायत. मला लोक म्हणतात की ड्रम्स अजून जाड हवे होते. मला नाही वाटत. नव्वदच्या दशकात याच पद्धतीचं संगीत मोठ्या स्टुडिओत गुळगुळीत करून भरपूर निघालं, ते चांगलंही होतं काही काही, पण एनर्जी लावलं की खोलीत माणसं येतात, तेवढं मला पुरे आहे.

गाणी कशाबद्दल आहेत? इंग्रजी फार कळत नाही, पटकन गातात.

पटकन गातात हे खरंय, शब्द समोर ठेवून एकदा ऐका. नॉलेजमध्ये लोक गाणाऱ्याला सांगतायत की पुढचा विचार कर, आयुष्याचं काय ते ठरव, आणि त्याचं उत्तर एवढंच की मला एकच कळतं, मला काही कळत नाही, आणि ते ठीक आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने हे इतक्या आनंदाने ओरडून सांगणं, त्यात कुठे रडगाणं नाही की माज नाही. आपल्याकडे दहावी-बारावीनंतर घरात जो प्रश्नांचा भडिमार होतो तो ज्याने सोसलाय त्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही.

रूम विदाउट अ विंडो मला सगळ्यात जवळचं. आपण आपल्या मतांच्याच भिंती बांधतो, त्यांच्यामधून बोलतो आणि ऐकत कोणीच नाही, खिडकी नसलेली खोली. आणि हे जेसी दुसऱ्या कोणा वाईट लोकांबद्दल म्हणत नाहीये, समोरच्या पंक पोरांनाच म्हणतोय, जी स्वतःला फार मोकळ्या विचारांची समजतात. द क्राउडही त्याच वळणाचं. युनिटी उघडउघड एकीची हाक आहे, आता लढाई थांबवा म्हणून. साउंड सिस्टम म्हणजे दिवस वाईट गेला तरी संगीत मला वर उचलेल हा भरवसा, याच्याइतकं साधं आणि खरं गाणं संगीताबद्दल मी फार कमी ऐकलंय.

जेसी लेखक लिओनार्ड मायकल्स यांचा मुलगा. शब्दांची जाण घरातूनच आली असावी असं मला वाटतं. चित्रंही तोच काढायचा, तो हॅटवाला नाचणारा माणूस जो टी-शर्टवर आणि जॅकेटच्या पाठीवर सगळीकडे दिसतो, तो जेसीनेच काढलेला.

हँगिंग आउट नावाचं गाणं यादीत का नाही? आणि ते अनरिलीज्ड एनर्जी काय आहे?

हँगिंग आउट हेच ते सुटं गाणं, मॅक्सिमम रॉकनरोलच्याच दुसऱ्या एका कंपाइलेशनवर आलेलं, आणि १९९१ च्या सीडीत ते घेतलं नाही.

अनरिलीज्ड एनर्जी आणि प्ली फॉर पीस ही बूटलेग आहेत, म्हणजे बँडला न विचारता कोणीतरी काढलेली. कच्ची रेकॉर्डिंग, डेमो, वेगळे टेक, असा माल. ज्याने २७ गाणी पाठ केलीत त्याला त्यात मजा येईल, पण नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये, कारण खराब कॉपी ऐकून बँडबद्दल मत बनवणं हा बँडवर अन्याय आहे. आणि कोणी अधिकृत दुर्मिळ अल्बम म्हणून महागात विकत असेल तर पैसे देऊ नका.

बँड का फुटला?

लोकप्रियता झेपेना. गिलमनमध्ये मित्रांसमोर वाजवणारा बँड अचानक सगळ्यांच्या तोंडी झाला, गर्दी वाढली, आणि मुख्यतः जेसीला त्या सगळ्यातून बाहेर पडायचं होतं. २८ मे १९८९ ला गिलमनमध्ये शेवटचा जाहीर शो झाला, अल्बमच्या वेळीच. त्याच संध्याकाळी आधी वाजवणाऱ्यांत एक नवीन बँड होता जो आधी स्वीट चिल्ड्रन नावाने वाजवायचा आणि त्या दिवशी पहिल्यांदा ग्रीन डे या नावाने उभा राहिला.

म्हणजे एनर्जी दुकानात पोचला त्याच सुमारास बँड संपला. ना जाहिरात ना व्हिडिओ, पुढे दौरा तर नाहीच, आणि तरी तो लुकआउटच्या सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या रेकॉर्डपैकी एक झाला. एकाने दुसऱ्याला कॅसेट भरून दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, असंच पसरलं ते.

मग लुकआउटवरून हेलकॅटवर कसं गेलं?

रॉयल्टी. ग्रीन डे मोठा झाल्यावर लुकआउटकडे पैसा आला, पण पुढे लेबलची आर्थिक घडी विस्कटली आणि बँडांचे पैसे थकायला लागले. २००५ मध्ये ग्रीन डेने आपले जुने अल्बम काढून घेतले, त्यानंतर ऑपरेशन आयव्हीनेही, आणि २००७ मध्ये हेलकॅटने सगळं पुन्हा बाजारात आणलं. हेलकॅट टिम आर्मस्ट्राँगचंच लेबल, एपिटाफ या मोठ्या पंक लेबलच्या छत्राखालचं. लुकआउट २०१२ मध्ये बंद झालं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण सुरुवातीची ती वर्षं खरंच सुंदर होती, पण वाजवणाऱ्याचे पैसे वाजवणाऱ्याला मिळायलाच हवेत.

नंतर कोणी काय केलं?

टिम आणि मॅटने आधी डान्स हॉल क्रॅशर्स सुरू करून दिला आणि स्वतः लवकर बाहेर पडले, मग डेव्हला घेऊन डाउनफॉल नावाचा थोडे दिवसांचा बँड, आणि १९९१ मध्ये रॅन्सिड. रॅन्सिडच्या १९९५ च्या अँड आउट कम द वुल्व्ज या अल्बमवर जर्नी टू द एंड ऑफ द ईस्ट बे हे गाणं आहे, त्यात ऑपरेशन आयव्हीचीच गोष्ट आहे, आत असलेल्या माणसाने सांगितलेली. वरचं सगळं वाचून झाल्यावर ते ऐका, फार लागतं.

जेसी बरीच वर्षं संगीतापासून लांबच होता, मधे बिग रिग, मग १९९९ पासून कॉमन रायडर, मग क्लासिक्स ऑफ लव्ह, असे बँड केले. ज्यांना जेसीचे शब्द आवडतात त्यांनी कॉमन रायडर चुकवू नका, वेग उतरलाय पण माणूस तोच. डेव्ह मेलो श्लाँग या बँडमध्ये वाजवत होता.

इतर बँडनी गायलेलं काही?

ग्रीन डेने १९९० च्या स्लॅपी ईपीवर नॉलेज केलंय, आणि पुढे मोठमोठ्या स्टेडियममध्ये तेच गाणं वाजवताना प्रेक्षकांतल्या पोरांना वर बोलावून हातात गिटार, बेस, ड्रमच्या काड्या द्यायचे. तीन कॉर्डचं गाणं, कोणीही वाजवू शकतं, आणि या गाण्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. १९९७ मध्ये टेक वॉर्निंग नावाचा अख्खा ट्रिब्यूट अल्बम, म्हणजे इतर बँडनी मान देऊन गायलेल्या त्यांच्या गाण्यांचा संग्रह, निघाला, त्यात रील बिग फिशचं युनिटी आणि अॅक्वाबॅट्सचं नॉलेज आहे. ब्रास घालून ही गाणी कशी वाटली असती हे ज्यांना बघायचंय त्यांनी रील बिग फिशचं ऐकावं.

पुन्हा एकत्र येणार का?

बँड म्हणून नाही आलेले. पण टिम आणि जेसी २०२३ मध्ये बॅड ऑप्टिक्स या नव्या बँडमध्ये एकत्र आले आणि रेड (Raid, म्हणजे धाड) नावाचं गाणं काढलं, इतक्या वर्षांनी दोघांचा आवाज एका रेकॉर्डवर.

मी अजून काहीच ऐकलेलं नाही, पहिलं गाणं कुठलं लावू?

साउंड सिस्टम. आवडलं तर लगेच नॉलेजपासून सुरू करून एनर्जी सलग, मोठ्या आवाजात, शक्यतो स्पीकरवर आणि उभं राहून. नाही आवडलं तर बॅड टाउन लावून बघा, काहींना तिथून दार उघडतं. शब्द नंतर वाचा.